आधी उचलून बघ

जव्हारच्या स्टँडवर पहिल्यांदा उतरलो तेव्हा रस्ता विचारायला जो पहिला माणूस सापडला, तो सायकल हातात धरून चढ चढत होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हँडलच्या एका बाजूला भोपळ्याची पिशवी आणि दुसऱ्या बाजूला छत्री. मला वाटलं, पंक्चर झालंय. परक्या गावात आल्या आल्या कुणाच्या तरी उपयोगी पडावं, म्हणजे गाव आपल्याला हाकलून देत नाही, असं मला उगाच वाटतं. म्हणून म्हणालो, "काका, मी ढकलू का? पुढं पंक्चरवाला असंल ना?"

ते थांबले. आधी पुढचं चाक पाहिलं, मग मागचं, मग मला. म्हणाले, "पंक्चर नाही. आम्ही चाललोय."

आम्ही म्हणजे ते आणि सायकल, हे कळायला मला थोडे दिवस लागले. जवळजवळ सगळं आयुष्य ती सायकल त्यांच्याकडे होती आणि ते तिच्यावर एकदाही बसले नव्हते. बाजाराला, देवळात, दवाखान्यात, कुणाच्या मयताला, कुठंही निघाले की सायकल बरोबर. उजवा हात हँडलला, डावा हात सीटवर, जसं एखाद्या म्हाताऱ्या नातलगाला सावरून न्यावं. पोरं विचारायची, "भाऊसाहेब, सायकलीला फिरायला नेता का?" ते शांतपणे सांगायचे, "नाही, तीच मला नेते."

मोखाड्याच्या कचेरीत कारकून होते, म्हणून सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली तरी कचेरीची भाषा काही सुटली नव्हती. त्या चढावर मी जेव्हा म्हणालो की मला भाड्यानं खोली पाहिजे, तेव्हा त्यांनी विचारलं, "अर्ज तोंडी आहे की लेखी?"

मी आठवीतून शाळा सोडलेला. लेखी म्हटलं की मी अजून दुसऱ्याच्या हातात पेन देतो. म्हणालो, "तोंडीच, साहेब."

"मग चालता चालता ऐकू."

आणि आम्ही तिघं चालायला लागलो. मी सांगत होतो, की मी हिंगोलीकडचा, कल्याणच्या फूलबाजारात हमाली करायचो, तिथल्या व्यापाऱ्याच्या एजंटानं मला इकडं पाठवलंय, दारू पीत नाही, स्वयंपाक स्वतः करतो. ते काही ऐकत आहेत असं वाटेना. मधेच पावलं हळू टाकायचे, मधेच भरभर. मी गोंधळून त्यांच्या पावलाला पाऊल जुळवत राहिलो. दारापाशी पोचल्यावर त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, हाक मारून सांगितलं, "पुढे गेला नाही, मागे राहिला नाही. खोली मंजूर." माझ्या आधी एक चांगला नोकरदार माणूस आला होता म्हणे. तो बोलता बोलता सायकलीच्या दोन हात पुढं निघून गेला आणि नामंजूर झाला.

काकू या सगळ्याला मुरलेल्या होत्या. जेवताना आमटीची वाटी पुढं सरकवून त्या विचारायच्या, "अभिप्राय?" भाऊसाहेब एक घोट घेऊन म्हणायचे, "मिठाबाबत त्रुटी दिसते. पूर्तता करून पुन्हा सादर करावे." त्या मीठ घालून वाटी पुन्हा सादर करायच्या. मला ते 'अर्जदार' म्हणायचे. खोली मिळाल्यावरही अर्जदारच. नळाला पाणी आलं तरी, "अर्जदार, पाणी आलंय." मला आधी भीती वाटायची, की अजून अर्ज चालू आहे म्हणजे खोली कधीही जाईल. मी तीनतीनदा फरशी पुसायचो. शेवटी काकूच म्हणाल्या, "अरे बाबा, ते मलाही लग्नानंतर कितीतरी दिवस 'उक्त पक्षकार' म्हणायचे. एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

सायकलीवर का बसत नाहीत, याचं उत्तर ते ज्याला त्याला वेगळं द्यायचे. एकाला सांगितलं, पाठीला मानवत नाही. दुसऱ्याला सांगितलं, बसलं की माणूस रस्त्यात भेटलेल्याला नुसता हात दाखवतो, थांबत नाही. मला म्हणाले, "मागच्या चाकाचं माझ्याबद्दल काय मत आहे ते मला अजून कळलं नाही." खरं कारण काकूंनी सांगितलं, आणि ते सांगताना त्या तांदूळ निवडता निवडता एकट्याच हसत होत्या. सायकल लग्नातली. काकूंच्या वडिलांनी जावयाला हौसेनं दिलेली. जावयाला चालवता येत नव्हती, आणि ते मांडवात सांगायची लाज. न वापरावी तर सासरे रुसतील. म्हणून वरातीपासून जी हातात धरली ती धरलीच. "पण एक सांगते," काकू म्हणाल्या, "त्या वेळी नवराबायकोनं रस्त्यानं जोडीनं चाललेलं चालायचं नाही. मी चार पावलं मागं. हे म्हणाले, सायकल मधे धरू. एका बाजूला हे, एका बाजूला मी, मधे सायकल. कुणी काय म्हणणार? सायकलीला दोन्हीकडून धरावंच लागतं. मोखाड्याचा अख्खा बाजार आम्ही असा फिरलोय."

हे ऐकल्यावर मी त्या सायकलीकडे नुसती जुनी वस्तू म्हणून बघू शकलो नाही. जाता येता तिला धक्का लागू नये म्हणून अंगण वळसा घालून ओलांडायचो.

आता ते दोघं नाशिकला मुलीकडे असतात. फोनवर त्यांची एकच तक्रार असते. तिथं सायकल धरून चाललं, की मागून लोक हॉर्न वाजवतात आणि वर विचारतात, आजोबा बरे आहात ना. "इथल्या रस्त्यांवर नुसतं जाता येतं," ते म्हणतात. "चालता येत नाही."

माझं काम फुलांचं होतं. साखरशेतच्या अलीकडं, डांबरी सोडून खाली उतरलं की एक पाडा लागतो. तिथल्या बायका मोगरा लावतात. पहाटे अंधारात कळ्या तोडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या, आणि टोपली जव्हारहून सुटणाऱ्या पहिल्या एसटीनं कल्याणला लावून द्यायची. मोगऱ्याची कळी मुकी असते तोवर माल. ऊन लागून उमलली की ते नुसतं फूल. गजऱ्याला कळी लागते, उमललेलं फूल व्यापारी हातात धरत नाही. पाड्यावरून टोपली उचलून स्टँडवर एसटीत पोचवायची, वाटेत गाडी माल घेत नाही. एवढंच माझं काम. एजंटानं फोनवर सांगून ठेवलं होतं, की एक महिना बघतो, एकदा गाडी चुकली की दुसरा माणूस तयार आहे.

मी त्याआधी दोन ठिकाणांहून परत गेलो होतो. पुण्याच्या एका हॉटेलातून आणि चाकणच्या एका कंपनीतून. पहिल्या वेळी पिशवी घेऊन घरात शिरलो तेव्हा आईनं विचारलं, किती दिवस आहेस. दुसऱ्या वेळी तिनं तेही विचारलं नाही. नुसतं एक ताट जास्तीचं मांडलं. ते न विचारणं मला फार लागलं. तिसऱ्यांदा मला त्या उंबऱ्यात पिशवी घेऊन उभं राहायचं नव्हतं. दुसरं काही नाही, एवढंच.

पहिले काही दिवस मी जाताना चालत जायचो आणि येताना जीप धरायचो. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली तरी अजून दोघं बसतात का ते बघते. मी टोपली मांडीवर घेऊन फडक्याखाली बोट घालून बघत बसायचो, कळ्या मुक्या आहेत ना. रोज एसटी आता सुटते की मग सुटते अशा वेळी पोचायचो. असं महिनाभर चालणार नव्हतं. सायकल पाहिजे होती.

मी पाच जणांना विचारल्याशिवाय चप्पलही घेत नाही. सायकलीसाठी तर दिसेल त्याला विचारत सुटलो. स्टँडजवळचा मिस्तरी म्हणाला, दूधवाल्यासारखी जाड काळी घे, म्हातारपणी पोराला देशील. शेजारच्या मास्तरांनी सांगितलं, बारीक टायरची घे, डांबरावर वाऱ्यासारखी जाते. मला स्वतःला लाल गिअरची, दोन्हीकडं स्प्रिंगवाली पाहिजे होती. तशी एक मोखाड्याच्या आठवडी बाजारात जुन्या सायकली विकणाऱ्याकडं मी एकदा बघून ठेवली होती. स्वप्नात मी तिच्यावरून घरी गेलो होतो आणि आईनं दारातच विचारलं होतं, केवढ्याला घेतलीस.

भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर्व अभिप्राय बसणाऱ्यांचे आहेत. सबब अपुरे आहेत. निवड मी करतो."

सायकलीवर कधीही न बसलेला माणूस माझी सायकल निवडणार, याची मला भीती वाटली. पण नाही कसं म्हणणार? ज्यानं विनाओळखीच्या माणसाला खोली दिली, त्याला नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

आधी त्यांनी मला माझाच रस्ता चालून दाखवायला लावला. त्यांची सायकल अर्थातच बरोबर. डांबरीवर ते मोकळेपणी बोलत होते. मुरमाच्या रस्त्याला लागल्यावर बोलणं कमी झालं. पायवाट सुरू झाली तसे गप्पच झाले, आणि ओहोळाच्या दगडांपाशी त्यांनी चक्क सायकल खांद्यावर घेतली. त्या वयात. मी धरायला गेलो तर नुसत्या मानेनं नको म्हणाले. पलीकडं पाड्यावरची सगळ्यात मोठी बाय कपडे धूत होती. सगळे तिला मोठी बायच म्हणत. ती म्हणाली, "काय भाऊसाहेब, सायकल दमली का?"

"दमली," भाऊसाहेब धापा टाकत म्हणाले. "लहान आहे अजून."

वर आल्यावर दगडावर बसून त्यांनी मला निकाल सांगितला. "डांबरावर तू सायकलीवर बसशील. मुरमावर बसशील, उतरशील, बसशील. आणि पायवाटेवर ती तुझ्यावर बसेल. लोक पहिल्या भागासाठी सायकल घेतात आणि तिसऱ्या भागात शिव्या देतात. आपण उलटं करू. आधी उचलून बघ."

बाजाराच्या दिवशी आम्ही एसटीनं मोखाड्याला गेलो. तिथं त्यांना दर दहा पावलांवर कुणीतरी ओळखीचं भेटे, आणि सायकल बरोबर नसल्यानं त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. सायकलवाल्यानं माझी लाल सायकल पुढं काढली. मी बसायला पाय टाकणार तर भाऊसाहेब म्हणाले, "खाली उतर. खांद्यावर घे."

मी घेतली. लाल सायकल दिसते तशी हलकी नव्हती. त्यांनी मला बाजारामागच्या टेकाडावर चढून यायला सांगितलं. मी सायकल खांद्यावर घेऊन मिरचीवाल्या बायांच्या मधून चढलो आणि उतरलो. आल्यावर विचारलं, कुठं टोचली. मी जागा दाखवल्या. मग त्यांनी मागच्या चाकाशी लोंबणारा गिअरचा सांगाडा निरखून पाहिला. "हा खाली लोंबतोय तो पहिल्याच दगडाला अर्ज करील. आणि या स्प्रिंगा. चढावर तू जोर लावशील तो आधी या खातील, उरला तर चाकाला देतील. नामंजूर."

दुसरी बारीक टायरची. तिला त्यांनी बाजारातल्या सैल मातीत नुसती ढकलून पाहिली. रेघ ओढत रुतली. नामंजूर. तिसरी जाड काळी. ती उचलून टेकाडावर अर्ध्यात गेलो आणि खाली ठेवली. त्यांनी काही म्हणायच्या आधी मीच म्हणालो, "नामंजूर."

तोवर गर्दी जमली होती. सायकलवाला वैतागून म्हणाला, "भाऊसाहेब, सायकल घ्यायचीय का बकरी? एकदा तरी त्याला बसू द्या."

"बकरी असती तर उचलावी लागली नसती," भाऊसाहेब म्हणाले. "स्वतः चालली असती."

शेवटी मागच्या बाजूला, ताडपत्रीखाली एक पोपटी रंगाची सायकल सापडली. रंग असा, की बघून माझा जीवच गेला. पण गिअर नाही, स्प्रिंग नाही, टायर मधल्या जाडीचे आणि खाचांचे, मधली दांडी सरळ. खांद्यावर घेतली तर बसली, जशी काही रोजचीच. भाऊसाहेबांनी ती स्वतः ढकलली, सैल मातीत, चढावर, दगडांवर. मग सीटवर हात ठेवून थोडा वेळ नुसते चालत राहिले. कुणाशी तरी बोलल्यासारखे त्यांचे ओठ हलत होते. परत येऊन म्हणाले, "हिची संगत चांगली आहे."

सायकलवाला म्हणाला, ब्रेकचे रबर घासलेत, नवे टाकून देतो. भाऊसाहेब तेव्हा दांडीवर रुमाल गुंडाळून बघत होते, खांद्याला टोचू नये म्हणून. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ते गौण आहे."

खरंच सांगतो, ती सायकल मिळाल्यावर माझा रस्ता निम्मा झाला. ओहोळ आला की खांद्यावर, पलीकडं खाली. चढावर मागं टोपली बांधून ढकलायला ती हलकी. मुरमावर घसरत नव्हती. मिस्तरी आणि मास्तर दोघांनीही ती एकदा उचलून पाहिली. एसटी सुटायच्या कितीतरी आधी मी स्टँडवर पोचून चहा पिऊ लागलो. ब्रेक कमी लागतात हे मला दिसत होतं, पण आमच्याकडं सायकल चपलेनं थांबवायची पद्धत आहे. चाकावर तळवा दाबला की थांबते. एका टोपलीला ते पुरत होतं.

मग लग्नतिथी आली. एजंटानं दुप्पट माल मागितला. पाड्यावरच्या बायकांनी रात्रीपासून तयारी केली आणि पहाटे मला दोन टोपल्या बांधून दिल्या, गच्च, एकावर एक. जव्हारात शिरण्याआधी एक उतार आहे आणि उताराच्या तळाशी वळण. तिथं मी ब्रेक दाबला तर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि सायकल जास्तच पळायला लागली. चप्पल लावली, चप्पल निघून गेली. समोर वळण. मी हँडल आत घेतलं आणि टोपल्यांसकट करवंदीच्या जाळीत शिरलो.

गुडघा फुटला होता. पण मी आधी कळ्या वेचायला लागलो. फडकी सुटून त्या चरात सांडल्या होत्या. काट्यांतून हात घालून एकेक गोळा करत असताना जव्हारकडून एसटी आली, हॉर्न देऊन वळण घेतलं आणि निघून गेली. ड्रायव्हरला काय माहीत जाळीत कोण आहे. मी हात वर केला तोवर नुसती धूळ उरली.

घरी पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. अंगणात टोपल्या ठेवल्या आणि तिथंच कळ्या उमलायला लागल्या. असा वास सुटला, की काकू आतून बाहेर आल्या आणि माझा पाय बघून पुन्हा आत पाणी तापवायला गेल्या. मी एजंटाला फोन केला. तो ओरडलासुद्धा नाही. म्हणाला, टोपल्या पाड्यावर टाक, उद्यापासून दुसरा माणूस येईल.

काकू हळद लावत होत्या आणि भाऊसाहेब अंगणात पोपटी सायकल घेऊन उभे होते. ब्रेक दाबला आणि सायकल पुढं ढकलली. ती गेली. पुन्हा दाबला, पुन्हा ढकलली. पुन्हा गेली. असं त्यांनी बऱ्याचदा केलं. मग पायरीवर येऊन बसले.

"ढकलणाऱ्याला ब्रेक लागत नाही," ते म्हणाले. "तो थांबला की सायकल थांबते. एवढी वर्षं मी तिला थांबवायचं कसं याचा विचारच केलेला नाही."

मी म्हणालो, तुमची काही चूक नाही, माल जास्त होता. त्यांना ते ऐकू आलं नसावं. त्यांना माझी पिशवी दिसली. मी कपडे भरायला घेतले होते.

"कुठं?"

"घरी."

त्यांनी पिशवी उचलून भिंतीशी ठेवली. मग म्हणाले, "माल ज्याच्या हातचा, त्याच्या हातात परत द्यायचा. मग जा."

ही इकडची रीत आहे. विकलं न गेलेलं भात असो की कोंबडी, ती वेशीत ठेवून कुणी जात नाही. ज्याच्याकडून घेतली त्याच्या हातात देतो आणि तोंडानं सांगतो. मला ती रीत नको होती. मला कुणाला न भेटता निघून जायचं होतं. पण त्यांनी पोपटी सायकलीवर टोपल्या बांधल्या, स्वतःची सायकल घेतली नाही, आणि चालायला लागले. मी लंगडत दुसऱ्या बाजूनं सायकल धरली.

पाड्यावर बायका मोठ्या बायच्या ओट्याजवळ जमल्या. टोपल्यांवरचं फडकं काढलं तर आत सगळं पांढरं झालेलं. त्यांची पहाट त्यात होती. भाऊसाहेब पुढं झाले आणि कचेरीत साहेबांसमोर उभं राहावं तसे हात बांधून उभे राहिले. "सायकल मी निवडली होती. सबब झाल्या नुकसानीस..."

मोठी बाय म्हणाली, "तुमी बसला व्हता का तिच्यावर?"

"नाही."

"मंग तुमाला काय ठावं?"

बायका हसल्या. एक हसली म्हणून दुसरी, मग सगळ्याच. मोठ्या बायनं टोपलीत हात घातला, ओंजळभर फुलं काढली, केळीच्या सोपाचा दोरा ओढला आणि ओवायला बसली. "फुलायची ती फुलली. ती काय कुणाची वाट बघत्यात? आमच्या डोक्यात मोगरा कवा गेलाय? सगळा कल्याणला जातो."

मग कुणाला सांगावं लागलं नाही. बायका, पोरी, एक नव्वदीची आंधळी म्हातारी, सगळ्यांच्या केसांत मोगरा गेला. शाळेतून आलेल्या पोरींनी दोनदोन माळा घातल्या. मी गुडघा धरून बसलो होतो आणि मला रडू येत होतं, ते का ते मला सांगता येणार नाही.

मोठ्या बायनं माझ्याकडून फोन मागितला. मी एजंटाला लावून दिला. ती फोन तोंडासमोर धरून, दूरच्या शेतात हाक मारावी तशी बोलली. "दुसरा पोऱ्या धाडू नको. आधीचा व्हता त्याचा माल गेला का आठ-आठ दिस तोंड दाखवत नसं. ह्यो त्याच दिशी आला, रगत पुसून. तू महिना म्हनलास ना? मंग महिना पुरा कर. नाय तं आमी कळी तोडत नाय." पलीकडून काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तिनं फोन परत दिला आणि म्हणाली, "सकाळी लवकर ये."

भाऊसाहेबांनी जाताना थोडी फुलं मागून घेतली. रुमालात बांधून घरापर्यंत आणली आणि काकूंच्या हातात दिली. काकूंनी तिथंच उभ्या उभ्या गजरा केला, माळला आणि पाठ वळवून विचारलं, "अभिप्राय?" भाऊसाहेबांना कचेरीतला एकही शब्द आठवला नाही. ते म्हणाले, "बरा दिसतो." आणि घाईघाईनं सायकलीकडं गेले.

संध्याकाळी त्यांनी मिस्तरीला घरी आणलं. नवे रबर, नव्या तारा. मिस्तरी गेल्यावर मला म्हणाले, बस आणि सूट. आणि स्वतः गल्लीच्या टोकाला रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. मी म्हणालो, बाजूला व्हा. म्हणाले, "मला लागलास तर नामंजूर. ये." काकूंनी दारातून डोळे झाकून घेतले. मी ब्रेक दाबला. चाक त्यांच्या पायजम्याला टेकलं आणि थांबलं. त्यांनी वाकून, टेकलंय तिथं बोट लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाड्यावरून येताना त्या उतारावर मला खाली वळणात बॅटरीचा उजेड दिसला. जवळ आलो तर भाऊसाहेब, कानटोपी घालून, सायकल धरून. मी दिसताच ओरडले, "ब्रेक लाव." मी लावला. टोपली हलली नाही. त्यांनी पुढं जा म्हणून हात केला, जसा फाटकावरचा माणूस करतो.

तेव्हापासून रोज. थंडी असो, धुकं असो. वळणाजवळच्या घरातली माणसं म्हणायला लागली, की आमच्याकडं आता कोंबडा आरवायच्या आधी भाऊसाहेब आरवतात. मी त्यांना सांगून पाहिलं, की नका येऊ, ब्रेक चांगले आहेत. ते म्हणाले, "ब्रेकबद्दल शंका नाही. निवडीबद्दल आहे. महिना माझाही चालू आहे."

एजंट मात्र काही बोलेना. माल वेळेवर पोचला की त्याचा फोन येत नसे, आणि फोन आला नाही की मला भीती वाटे. महिना त्यानं कुठल्या दिवसापासून धरलाय, भरला की तो काय सांगणार, सांगणार तरी का, मला काहीच कळत नव्हतं. आईला मी अजून काही कळवलं नव्हतं. काय कळवणार?

एका पहाटे मी टोपल्या बांधून उतारावर आलो. खाली वळणात अंधार होता. बॅटरी नव्हती. मला आधी वाटलं, त्यांना बरं नाही. घाबरून ब्रेक दाबला, सायकल थांबली, मी खाली उतरून चालत वळणापर्यंत आलो. कुणी नव्हतं. धुळीत त्यांच्या चाकाची कालची रेघ तेवढी होती. एसटीत टोपल्या चढवून मी धावतच घरी आलो.

भाऊसाहेब गाढ झोपले होते. काकू चूल पेटवत होत्या. मी विचारलं, आज आले नाहीत, बरं नाही का?

"बरे आहेत की," काकू म्हणाल्या. "काल निजताना म्हणाले, उद्यापासून जायचं कारण उरलं नाही. मोठ्या बायशी बोलून आले होते. एजंटानं तिला कळवलंय, हाच पोरगा राहू दे. महिना काल पुरा झाला ना तुझा."

मी अंगणात जाऊन आईला फोन लावला.